बंद गाडीतील बुरशी : आधी ओल घालवा, वास आपोआप जाईल

पावसाळा आला की आरोग्याच्या पानावर आपण डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोविषयी वाचतो. गाडीत येणाऱ्या बुरशीविषयी सहसा कोणी लिहीत नाही, कारण गाडी म्हटले की तो पैसेवाल्यांचा विषय वाटतो. पण आपल्या वस्तीतील कामधंदे नीट पाहा. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शाळेची व्हॅन. कोणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. कितीतरी जण पहाटे उठून सोसायट्यांमध्ये गाड्या पुसायला जातात. मालक त्या गाडीत दिवसाला तासभर बसतो, ड्रायव्हर दहा-बारा तास बसतो. मालक महिनाभर गावाला जातो, बंद गाडीत बुरशी चढते आणि ती साफ करायला आपल्याच माणसाला बोलावले जाते. म्हणजे गाडी कोणाचीही असो, तिच्यातील हवा आपल्या छातीत जाते. म्हणून हा विषय आपला आहे.

बुरशी का येते?

बुरशीचे बीज डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीसारखे असते. ते हवेत सगळीकडे असते, ते पूर्ण घालवता येत नाही. त्याला वाढायला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि खाणे. मुंबई, ठाणे, पनवेल आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असली तर बुरशीला जोर धरता येत नाही. ऊब बंद गाडीत असतेच. आणि खाणे म्हणजे सीटवर मुरलेला घाम, पायाची माती, सांडलेला चहा, मुलांनी पाडलेला बिस्किटाचा चुरा.

यांतली माती आणि चुरा आपण झाडू शकतो, ऊब थांबवू शकत नाही. हातात राहते ती ओल. सीट किंवा मॅट भिजून २४ ते ४८ तास तशीच राहिली की बुरशी धरू लागते. म्हणून पहिला नियम असा : भिजलेली वस्तू त्याच दिवशी बाहेर काढा.

शरीरावर काय परिणाम होतो?

निरोगी माणसाला शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे असा त्रास होतो. दमा असलेल्याला धाप लागू शकते. व्हॅनमधील लहान मुले, गरोदर बाई, वयस्कर माणसे आणि मधुमेही यांची जास्त काळजी घ्यावी.

त्रास बुरशीमुळे आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. गाडीत बसल्यावर किंवा एसी लावल्यावर खोकला वाढतो का? सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? तसे असेल तर डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आवर्जून सांगा. दम्याचा पंप चालू असेल तर तो स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मात्र प्रत्येक खोकल्याचे खापर बुरशीवर फोडू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. टीबीची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे त्यांनी बुरशी साफ करण्याचे काम घेऊच नये. टीबीने फुफ्फुसात पडलेल्या जुन्या पोकळीत काही प्रकारची बुरशी घर करू शकते. थुंकीतून रक्त पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक गैरसमज दूर करू या. २०२१ साली कोरोनानंतर ज्या 'काळ्या बुरशी'ची दहशत होती, तो म्युकरमायकोसिस नावाचा आजार. सीटवर दिसणारा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. साखर फार वाढलेली असणे, स्टेरॉइडची औषधे आणि खालावलेली प्रतिकारशक्ती ही त्याची मुख्य कारणे आहेत. म्हणून घाबरू नका, पण मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा आणि असल्या साफसफाईपासून दूर राहा.

पाणी कुठून येते ते शोधा

बुरशी पुसली आणि पाण्याची वाट तशीच राहिली, तर आठ दिवसांत पुन्हा तेच. म्हणून पुसण्याआधी या जागा तपासा :

१. पायाखालची मॅट उचला. खालच्या गालिच्यावर कोरा वर्तमानपत्राचा कागद ठेवून हाताने दाबा. कागद ओला झाला तर खाली पाणी मुरलेले आहे.

२. पुढच्या काचेखाली, वायपरजवळ जाळी असते. झाडाखाली उभ्या गाडीत तिथे पाने साचतात, पाण्याची वाट बंद होते आणि पाणी आत शिरते. पाने हाताने काढा.

३. दाराचे आणि डिकीचे रबर बोटाने चाचपा. फाटले किंवा कडक झाले असेल तर बदलून घ्या. डिकीतील स्टेपनीचा खड्डाही पाहा, तिथले पाणी कोणाच्या लक्षात येत नाही.

४. दमट दिवशी एसी लावला की गाडीखाली पाणी ठिबकले पाहिजे. एसीची थंड कॉइल हवेतील वाफेचे पाणी करते आणि ते नळीवाटे खाली पडते. ठिबकत नसेल तर नळी तुंबलेली असू शकते. मग ते पाणी आत, बहुधा पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी उतरते. मेकॅनिककडून नळी मोकळी करून घ्या. एसीचा फिल्टर काळा पडला असेल तर तोही बदला.

रिक्षावाल्या भावांनी सीटची शिवण पाहावी. रेक्झिन फाटले की आतला फोम पाणी पितो आणि वरून कोरडा दिसतो.

साफ कशी करायची?

गाडी मोकळ्या जागी घ्या, उघडीप असेल असा दिवस निवडा. सगळी दारे आणि डिकी उघडून अर्धा तास वारा लागू द्या. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा लावा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, बीज त्यातून जाते. मुलांना जवळ फिरकू देऊ नका. या वेळी एसी किंवा ब्लोअर लावू नका.

कोरड्या झाडूने किंवा ब्रशने घासू नका. त्याने बीज हवेत उडते आणि थेट नाकात जाते. आधी ओल्या फडक्याने डाग टिपून घ्या आणि तो फडका पिशवीत बांधून टाकून द्या.

मग मॅट आणि सीट कव्हर काढून गरम पाण्यात साबण घालून धुवा आणि कडक वाळवा. प्लास्टिक, रेक्झिन आणि स्टिअरिंग साबणाच्या पाण्याने पुसा, नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने, शेवटी कोरड्या फडक्याने. डाग चिवट असेल तर कडक प्लास्टिकवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन लावा, अर्ध्या तासाने पुसा. आधी कोपऱ्यात लावून पाहा, रंग जात नाही ना. कापडी सीटवर फडका घट्ट पिळून वापरा. पाणी ओतले तर ते फोममध्ये मुरते आणि काम वाढते. सीटखाली वायरी असतात, त्या भिजवू नका.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्या. त्याला ब्लीच लावू नका. पट्टा कमजोर होतो आणि अपघाताच्या वेळी दगा देतो.

गाडीत ब्लीच वापरण्याची गरजच नाही. ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा संडास साफ करण्याच्या आम्लात मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, म्हणून नुसते औषध फवारून भागत नाही. ती पुसून बाहेर काढावीच लागते.

साफसफाई झाल्यावर गाडी आतून खडखडीत वाळली पाहिजे. ऊन नसेल तर मोकळ्या जागी इंजिन चालू करून एसी आणि हीटर दोन्ही लावा. एसी ओल ओढतो, हीटर हवा गरम करतो. बंद गॅरेजमध्ये किंवा भिंतींच्या कोंडीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. याच कारणाने इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणेही धोक्याचे आहे.

गाडी पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात बुडाली असेल तर भिजलेला फोम वाचवण्याच्या भरीस पडू नका, तो बदला. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते. ते साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पायाला जखम असताना त्या पाण्यात उभे राहिला असाल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जा. लेप्टो होऊ नये म्हणून गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर सांगतील.

पुन्हा येऊ नये म्हणून

मुक्काम येण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसी बंद करा आणि ब्लोअर चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या. कॉइल सुकते, कुबट वास येत नाही. ओली छत्री आणि रेनकोट गाडीत सोडू नका. रोज रात्री मॅटखाली जुने वर्तमानपत्र घाला, सकाळी काढा. उभ्या गाडीची दारे आठवड्यातून दोनदा उघडीप पाहून तासभर उघडा.

ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधू नका, खालून वारा खेळू द्या. ओल्या गाडीवर कव्हर कधीच घालू नका. ओल शोषणारे डबे किंवा सिलिका जेलच्या पिशव्या काचा पूर्ण बंद असतील तरच उपयोगी पडतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि गाडी चालवताना डबा बाहेर काढा.

अगरबत्ती, सेंट आणि डांबरगोळ्या यांनी बुरशी जात नाही, फक्त वास झाकला जातो. डांबरगोळ्यांची वाफ तर तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते.

कामाला जाणाऱ्यांसाठी

बुरशीची गाडी साफ करणे हे रोजच्या पुसण्यापेक्षा वेगळे आणि धोक्याचे काम आहे. त्याचे पैसे वेगळे ठरवा. मास्क आणि हातमोजे मालकाकडे मागा. हे मागताना संकोच करू नका. दमा, जुना टीबी किंवा मधुमेह असेल तर "हे काम मला जमणार नाही" असे स्पष्ट सांगा. ड्रायव्हर भावांनी फिल्टर आणि नळीचा खर्च मालकाला समजावून सांगावा. त्याच्या मुलांनाही तीच हवा मिळते.

या आठवड्यात एवढे तरी करा. घरातील जो कोणी गाडीवर काम करतो, त्याला हे पान वाचून दाखवा आणि कागद दाबून पाहण्याची परीक्षा करायला सांगा. कागद ओला निघाला तर वासाची बाटली विकत घेऊ नका, पाण्याची वाट शोधा.