द्राक्षांचा माल बंदरांतून लवकर कसा सुटेल?

न्हावाशेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें. नाशिककडील द्राक्षें तेथून परदेशीं जातात. कंटेनर प्रथम बंदराबाहेरील गोदामांत नेला कीं चढउतार, भाडें व दिवस तिन्ही वाढतात; थंडाव्याच्या विजेचा आकार निराळाच. परंतु २०१७ पासून कस्टम खात्याची परवानगी काढून निर्यातदारास आपल्या शीतगृहांतच माल भरून कंटेनरास इलेक्ट्रॉनिक सील लावतां येतें. असा कंटेनर गोदाम टाळून थेट बंदरांत नेतां येतो. मात्र सीलाचा, कंटेनरचा व मोटारीचा क्रमांक अचूक नोंदवावा. आकडा चुकला कीं तपासणी ओढवलीच. ही खटपट एकट्यादुकट्यास झेपणारी नव्हे, असें आम्हांस वाटतें. सोसायटीनें याच कामीं एक जाणता कारकून नेमावा, आणि जहाजाची माल स्वीकारण्याची मुदत पाहूनच मोटार हांकावी.