डायलिसिसचा रुग्ण, मीठ आणि आपला काढा

केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केल्यानंतर जिल्हा रुग्णालयांतून ही सोय वाढत गेली. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घेणारे रुग्ण लहान गावांतील वैद्यांकडेही येऊ लागले आहेत. भूक नाही, मळमळते, शौचास साफ होत नाही, तहान भागत नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. अशा वेळी आपल्याकडून त्यांना काय दिले जाते, याचा येथे विचार करू.

वृक्क मूत्रनिर्मिती करीत नसल्याने प्यालेले पाणी शरीरातच साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, असा हा सरळ हिशेब आहे. ज्या वजनावर सूज नाही, धाप नाही आणि रक्तदाब ठीक राहतो, ते रुग्णाचे ‘कोरडे वजन’. दोन डायलिसिसांमधील वाढ त्याच्या चार-साडेचार टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ५० किलोच्या रुग्णात सुमारे दोन किलो. वाढ याहून अधिक झाली की यंत्राला चार तासांत फार वेगाने पाणी ओढावे लागते. आदल्या रात्री १८० रक्तदाबाने धापा टाकणारा रुग्ण मग दुसऱ्या दिवशी यंत्रावर असताना ९० वर येतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

‘पाणी कमी प्या’ एवढ्या उपदेशाने मात्र काही साधत नाही. आठ ग्रॅम मीठ पोटात गेले की शरीर सुमारे एक लिटर पाणी मागते. ती तहान मिठाची असते. म्हणून लोणचे, पापड, फरसाण धरून दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. फ्रान्समधील तासँ येथील केंद्रात आठ तासांचे संथ डायलिसिस व अल्पलवण आहार यांच्या बळावर बहुसंख्य रुग्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १५० रुग्णांच्या अभ्यासात कोरडे वजन सुमारे एक किलोने उतरवताच वरचा रक्तदाब सहा-सात अंकांनी खाली आला. चरकसंहितेत उदररोग्याला लवण व तोयपान दोन्ही वर्ज्य सांगितले आहे. डायलिसिसचा रुग्ण म्हणजे उदररोगी असे आम्ही म्हणत नाही. पण हे पथ्य आपल्याला परके नाही.

आता आपले औषध पाहू. मूत्र होणाऱ्या प्रमाणात ५०० ते ७५० मिलिलिटर मिळवून दिवसभराच्या द्रवाची मर्यादा ठरते. ज्याला मूत्र जवळजवळ होत नाही त्याला ८० मिलिलिटर काढा दोनदा, आसव समभाग पाण्यासह दोनदा आणि वर अनुपानाचे कोमट पाणी दिले, तर निम्मी मर्यादा औषधातच संपते. पुनर्नवा-गोक्षुरादी मूत्रल द्रव्यांकडून अशा रुग्णात मूत्रप्रवर्तनाची अपेक्षा धरणे व्यर्थ. काढ्याचे पाणी तेवढे अंगात राहते. लवणभास्कर चूर्णात चार लवणे आहेत. शंखवटीत क्षार आणि लवण दोन्ही असतात. सैंधव ‘चालते’ हा समज तर सर्वत्र आहे, वास्तविक तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. यवक्षारात पोटॅशियम विपुल असते, आणि ते साठल्यास हृदयाची गती बिघडून अकस्मात मृत्यू ओढवतो. शहाळ्याचे पाणीही याच कारणाने नको.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनी कमी सोडियमचे मीठ डायलिसिसच्या रुग्णाला देऊ नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या व खाण्याचा सोडा सोडियम वाढवितात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवितात आणि उरलेसुरले मूत्रही घटवितात.

रक्तदाब फिस्टुलाच्या हातावर मोजू नये. त्या हाताला अभ्यंग वा रक्तमोक्षणही वर्ज्य. डायलिसिसच्या दिवशी गोळी आधी घ्यावी की नंतर, हे वृक्कतज्ज्ञच ठरवितात. आपण ती बदलू नये. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून ते वहीत लिहिण्यास सांगावे आणि प्रत्येक भेटीत ती वही पाहावी. रुग्णाला आडवे पडता येत नसेल, रात्री उठून बसावे लागत असेल, किंवा त्याने डायलिसिसची पाळी चुकविली असेल, तर पुडी बांधू नये. त्याला त्याच वेळी केंद्राकडे रवाना करावे.