टेम्पोचा तास

सालेकसा, 9 मे

चि. बेटा,


काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, सोमवारी बिरसी-नागपूर-बिरसी उड्डाण एकटीनं करायचंय, फोरकास्ट चांगला आहे." तेव्हा मी शाबासकी देऊन फोन ठेवला. पण रात्री तो "चांगला" शब्द मनातून जाईना. विमानतळाच्या हवामान कार्यालयात माझी तीस वर्षं गेली. सगळाच चांगला किंवा सगळाच वाईट असा अंदाज मी फार क्वचित पाहिला. अंदाज तासातासाचा असतो, आणि तो तसाच वाचावा लागतो. म्हणून लिहायला बसलो.

मेटार आणि टॅफ यांची गल्लत करू नकोस. मेटार म्हणजे झालेली गोष्ट. मी कार्यालयाबाहेर उभा राहायचो, आकाशाचे मनात आठ भाग पाडायचो आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते मोजायचो. लांबची पाण्याची टाकी दिसते का, त्यापलीकडची चिमणी दिसते का, यावरून दृश्यमानता ठरायची. कागदावर उतरेपर्यंत ती नोंद जुनी व्हायला लागलेली असायची. टॅफ हा पुढच्या तासांचा अंदाज, पण तोही विमानतळाभोवतीच्या साधारण आठ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. गोंदियाजवळच्या बिरसीहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. मध्ये तिरोडा आहे, तुमसर आहे, वैनगंगा आहे. त्या पट्ट्याबद्दल नागपूरचा टॅफ एक अक्षर बोलत नाही. तिथलं आकाश वाटेचा अंदाज, रडार आणि उपग्रहाची चित्रं यांवरून तुलाच जुळवायचं आहे.

आता वेळ. टॅफमधली वेळ आपली नसते, झुलू म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवायचे. हे तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं असेल. तरी सांगतो, कारण डोळ्यांनी पाहिलंय. एका मे महिन्यात एक शिकाऊ मुलगा दुपारी दोनला खिडकीशी आला आणि म्हणाला, "सर, नऊचं वादळ तर आलंच नाही, निघू का?" अंदाजात 0900 होतं, म्हणजे आपले दुपारचे अडीच. मी त्याला बसवून ठेवलं. पावणेतीनला धुळीची भिंत आली आणि पार्किंगमधल्या स्कूटर आडव्या झाल्या. मुलगा हुशार होता. पेपरात हाच हिशेब विचारला असता तर त्यानं चुकवला नसता. निघायची घाई असली की माणूस ओळखीचा आकडा ओळखीच्या घड्याळात वाचतो.

समज, सोमवारच्या टॅफमध्ये असं आलं: वारा 240 अंशांवरून 8 नॉट, दृश्यमानता 6 किलोमीटर, मग टेम्पो, 0900 ते 1200, वारा 270 वरून 20 नॉट, झोत 35, दृश्यमानता 2000 मीटर, गडगडाटासह पाऊस, 3000 फुटांवर सीबी. तुझी नजर पहिल्या ओळीवर थांबेल, कारण तुला जायचं आहे. माझी दुसरीवर थांबते. टेम्पो म्हणजे असा बदल की जो एका वेळी तासाभराच्या आत सरतो, आणि सगळे मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळ टिकतात. मुलं याचा अर्थ "थोडाच वेळ" असा घेतात. पण तो तास नेमका तुझ्या उतरण्याचा असला तर? प्रवासी विमान आकाशात घिरट्या घालत थांबेल. तुझ्या टाकीत तेवढं इंधन असेल का, ते तू जमिनीवर मोजायचं. बेकमिंग आलं तर हवा बदलून तशीच राहणार. प्रॉब 30 आलं तर दहात तीन वेळा. शेताकडे निघताना दहात तीनचा पाऊस आपण अंगावर घेतो. तू घेऊ नकोस.

सीबी म्हणजे गडगडाटी ढग. त्याबद्दल वेगळं सांगतो, कारण तो मला घराच्या ओट्यावरून दिसतो. मे महिन्यात दुपारी दोननंतर दरेकसाच्या डोंगरावर पांढरा कोंब फुटतो. तासाभरात त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. हाजरा फॉलकडे पाऊस पडत असतो आणि इथे कोरड्या बांधीत अचानक गार वारा घुसतो, आंब्याची फांदी मोडते. तो वारा ढगातून खाली आदळून जमिनीवर पसरलेला असतो. उतरताना आधी समोरून येतो, विमान उचलल्यासारखं वाटतं. पुढच्या क्षणी मागून येतो आणि वेग काढून घेतो. ढग लांब आहे म्हणून वाराही लांब आहे असं समजू नकोस.

मागच्या वाऱ्यावरून कोझिकोडचा विमान अपघात आठवतो. 7 ऑगस्ट 2020 ची रात्र. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे, वायुसेनेतले माजी विंग कमांडर, दांडग्या अनुभवाचे. पावसात उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून ते धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून आले. मागून सुमारे 14 नॉट वारा होता. चाकं टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. 21 माणसं गेली, दोघे वैमानिकही गेले. चौकशी अहवालानं ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही असं नोंदवलं. इतक्या मोठ्या माणसाचं नाव मी आदरानं घेतो, आणि तुला एवढंच विचारतो: मागून किती नॉट वारा आला की तू उतरणार नाहीस? हा आकडा खुर्चीत बसून आज ठरव आणि मांडीवरच्या पॅडवर लिही.

धुक्याचं हिवाळ्यात बोलू. फुरसतगंजची वैमानिक प्रशिक्षण अकादमी तिथल्या धुक्याला कंटाळून हिवाळ्यात आपल्या बिरसीला आली होती, म्हणून इथे धुकं नसतं असं मानू नकोस. तलाव आणि बोड्यांचा जिल्हा आहे आपला. तापमान आणि दवबिंदू यांच्यात एका अंशाचं अंतर राहिलं आणि वारा पडला की पहाटे काय होतं ते तू लहानपणी शाळेत जाताना पाहिलं आहेस.

एखादे दिवशी तू अंदाज बघून न जाण्याचं ठरवशील आणि आकाश दिवसभर निरभ्र राहील. सोबतची मुलं उड्डाणाचे तास भरून येतील, तुझे राहतील. त्या संध्याकाळी मला फोन कर. तू बरोबर होतीस, हे मी सांगेन.

सोमवारी शक्य तितकं सकाळी नीघ, अकराच्या आत परत ये. सुटण्याआधी नागपूरचा टॅफ पुन्हा माग. रात्री पाहिलेला चालणार नाही, मध्ये सुधारित आला असेल. उतरलीस की आईच्या आधी मला कळव.

तुझा मामा