रांगते मूल व घरातील जनावरांचे केस
राजूरसारख्या गावी मांजर, कुत्रे, शेळीचे करडू ओसरीवरच निजतात आणि तेथेच सातआठ महिन्यांचे मूल रांगते. नुसता केस फारसा बाधत नाही. त्याबरोबरची धूळ, कोंडा आणि कुत्र्यामांजरांच्या पोटातील जंतांची अंडी हातावाटे तोंडात जातात, ती बाधतात. धाकटे भावंड सांभाळणारी मुले शाळेतच असल्याने हा पाठ त्यांनाच द्यावा. शहाबादी फरशीवर केस पसरून अर्धा भाग कोरड्या केरसुणीने झाडवावा, अर्धा ओल्या फडक्याने पुसवावा. केरसुणीने केस उडून पुन्हा बसतात. फडक्याला ते चिकटून येतात. पुसण्याचे काम मुलग्यांनाही द्यावे. सारवलेल्या जमिनीवर आधी पाण्याचा हलका शिपका मारावा. जनावर अंगणात विंचरावे, मग हात साबणाने धुवावेत.