कोरी वही आणि सहावा अध्याय

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



तेवीस दिवस रोजचं चिंतन लिहिलं नाही. काहींनी काळजीने विचारलं, त्यांना मी "कामाचा लोड आहे" असं सांगितलं. ते खोटं होतं. कामाचा लोड नेहमीच असतो. खरं कारण हे की मला काही सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची लाज वाटत होती.

त्याच्या आधीचा महिना तर जास्त वाईट होता, कारण तेव्हा मी लिहीत होते. रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडायचा, उद्याचा श्लोक बघायचा, मागच्या वर्षी काय लिहिलं होतं ते चाळायचं आणि तेच वाक्य फिरवून पुन्हा मांडायचं. एकदा तर श्लोक पूर्ण न वाचताच त्यावर चारशे शब्द लिहिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट "आज फार गरज होती याची" असं एका मुलीने कळवलं. ते वाचून मला रडू आलं. तिला गरज होती आणि मी तिला शिळं वाढलं होतं.

मग थांबले. पण थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रोज रात्री तशीच जागत बसायचे, फक्त न लिहिता. जपाची माळ हातात घेतली तरी मन "आज किती झाले" हेच मोजत राही. शेवटी आई म्हणाली, "मामाकडे जाऊन ये चार दिवस. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीयेत त्यांना." विश्रांतीसाठी पाठवण्याची ही आमच्याकडची पद्धत!

मामाचं गाव अमळनेर तालुक्यात. पोचले तेव्हा अंधार पडला होता, खानदेशातली डिसेंबरची थंडी होती. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भरताची हिरवी वांगी भाजत होती. मी मामीला तिथेच सगळं सांगायला लागले, की माझं असं असं झालंय, काहीच सुचत नाही. ती वांगं उलटवत म्हणाली, "पहिले जेवी ले. मंग देखसूत." भरीत, कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल. नऊ वाजता झोपले ते सकाळी आठला उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. इतकी झोप माझ्या अंगात साठलेली होती हे मला कळलंच नव्हतं.

आता आजच्या श्लोकांकडे येऊ. हे दोन श्लोक ध्यानाच्या अध्यायात येतात, आणि नेमके तिथे येतात जिथे आपल्याला काहीतरी फार उंच ऐकायची अपेक्षा असते. आसन कसं असावं, दृष्टी कुठे असावी, मन कसं आवरावं हे सांगून झाल्यावर भगवंत एकदम जेवणाझोपेवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आणि पुढच्या श्लोकात तेच सरळ बाजूने: ज्याचा आहार, विहार, कर्मांतली धडपड, झोप आणि जाग हे सारं बेताचं असतं, त्याचा योग दुःख हरण करणारा होतो.

मी हे श्लोक आजवर किमान दोनदा शिकवले आहेत. दोन्ही वेळा मी "फार झोपणाऱ्याला नाही" यावर जोर दिला, कारण तरुण मुलांना आळसाबद्दल बोलणं सोपं असतं. "सतत जागणाऱ्यालाही नाही" हा भाग मी एका ओळीत उरकला होता. भगवंतांनी दोघांना एकाच रांगेत बसवलंय. रात्री दोनपर्यंत जागून गीतेवर लिहिणारी मी त्यांच्या हिशेबात आळशाच्या शेजारी बसते, हे मान्य करायला मला वेळ लागला.

आणखी एक शब्द बघा, 'विहार'. आहाराच्या शेजारी तो आला म्हणून आपण 'आहारविहार' असा एकत्र म्हणतो आणि डाएटच्या तक्त्यात टाकून देतो. विहार म्हणजे हिंडणंफिरणं, मोकळं होणं. योग्याच्या दिनक्रमात भगवंतांनी फिरण्यालाही जागा ठेवली आहे. फक्त तेही बेताचं.

अमळनेरहून धुळे एसटीने तासाभराच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी मावशीला भेटायला गेले. जाताना जिल्हा कारागृहाची भिंत लागली. ती आजही तुरुंगाचीच भिंत आहे, काही थांबून बघण्यासारखं नाही. पण गीता वाचणाऱ्या मराठी माणसाला तिथे क्षणभर मान वळवावीशी वाटतेच. १९३२ साली याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला पहिली, १९ जूनला शेवटची, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी तेव्हा तिथेच कैदेत होते. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत आलेला हा माणूस समोर बसून हाताने सगळं उतरवून घ्यायचा. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं ते त्या लिहिण्यामुळे. आपण आज वाचतोय त्या सहाव्या अध्यायाची पाळी २७ मार्चला आली. त्यात विनोबा चित्ताच्या एकाग्रतेबद्दल बोलतात आणि लगेच तिच्या मदतीला जीवनातला मोजकेपणा आणतात.

एसटीत बसून मी बोटांवर मोजलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. म्हणजे दोन प्रवचनांमध्ये सहा दिवस. त्या सहा दिवसांत तुरुंगातलं काम, सूत, प्रार्थना हे चालू असणार, पण गीतेवर सभा रविवारीच. विनोबांसारख्या माणसाने आठवड्यातून एकदा बोलावं आणि मी रोज रात्री बारापर्यंत एक चिंतन पाडावं! मला हसूच आलं. शेजारच्या आजींनी संशयाने पाहिलं.

पण मला जास्त भिडली ती विनोबांचीच पुढची गोष्ट. ती धुळ्याची नाही, वर्ध्याजवळच्या पवनारची आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे चाळीस किलो. गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. विनोबांनी निवडलं पवनार, धाम नदीच्या काठावरचा जमनालाल बजाजांचा रिकामा बंगला. पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळी कामं, संस्था, चिंता सोडल्याचा संकल्प तीनदा उच्चारला. आणि तिथे पोचल्यावर विचार करणंच बंद ठेवलं. मोकळ्या शेतात खणायला सुरुवात केली, तीही पहिल्या दिवशी थोडीच मिनिटं. मग रोज थोडं थोडं वाढवत, मध्ये थांबत, आकाशाखाली. काही महिन्यांत वजन चाळीसेक पौंडांनी वाढलं.

मला यातलं 'थोडीच मिनिटं' फार आवडतं. आपण विश्रांतीलाही टार्गेट लावतो ना. चार दिवसांत फ्रेश होऊन परत. विनोबांनी कुदळसुद्धा बेताने उचलली. हाच तो श्लोक, फक्त शेतात.

आणि त्या खणण्यात काय हाती लागलं? एक जुनं दगडी शिल्प, राम आणि भरताच्या भेटीचं. आता धुळ्याकडे परत या. ८ मे १९३२ च्या रविवारी, बाराव्या अध्यायावर बोलताना, विनोबांनी लक्ष्मण आणि भरत यांच्या भक्तीची तुलना केली होती आणि राम-भरत भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती पावन होईल असा विचार मांडला होता. सहा वर्षांनी, डोकं रिकामं ठेवून माती खणताना, तेच दृश्य दगडात कोरलेलं त्यांच्या हातात आलं. पवनारच्या आश्रमात आजही त्या शिल्पाची पूजा होते. मी याला चमत्कार म्हणत नाही. पण शोधायला गेले असते तर सापडलं असतं का, असं मनात येतंच.

आता एक अडचणीची गोष्ट, कारण ती गाळली तर हे लिखाण पुन्हा शिळंच होईल.

चौथ्या दिवशी मी मामीबरोबर कापूस वेचायला गेले. कमरेला ओटी बांधली. बोंडाचं टोक वाळलं की काट्यासारखं होतं, तासाभरात बोटांची टोकं सोलवटली. समोर तुरीला पिवळा बहर, लिंबावर होले घुमताहेत, निळं स्वच्छ आकाश. मी मनात म्हटलं, किती शांत आहे. आणि माझ्या पुढच्या ओळीतली बाई म्हणाली, "ताई, बसू नका, वजन भरायचं आमचं." त्यांना मजुरी किलोवर मिळते. माझा निसर्ग हा त्यांचा कारखाना होता.

आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवल्या. १८८० साली असोद्याला जन्म, लिहिता-वाचता न येणाऱ्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या. त्यांची गाणी जात्यावर, चुलीपुढे आणि शेतात सुचली. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तक निघू शकलं. "बहिणाबाईंना निसर्गातून प्रेरणा मिळाली" असं आपण सहज बोलतो. शेत म्हणजे त्यांच्यासाठी सुट्टी नव्हती हो. पण एक आहे, गाणं सुचण्यासाठी त्यांनी कधी गाण्याकडे टक लावून पाहिलं नसावं. हात कामात होते. माझे हात कित्येक महिन्यांत फक्त कीबोर्डवर होते.

मग मी गप्प वेचत राहिले आणि माझ्या ओटीतला कापूस त्या बाईच्या गाठोड्यात टाकला. जेमतेम अडीच किलो भरला. ती म्हणाली, "शिकशाल."

पाचव्या दिवशी दुपारी उगाच झोपले, संध्याकाळी डोकं जड आणि चिडचिड. श्लोकाची दुसरी बाजूही लगेच तपासून झाली म्हणायची. उठून नदीकडे चालत गेले. बोरी नदीला त्या जागी पाणी थोडंच होतं, वाळूत बगळ्यांची पावलं. तिथे बसून, न मोजता, नाम घेतलं. किती वेळ, माहीत नाही. परत येताना सहाव्या अध्यायाबद्दल एक वाक्य मनात आलं. लिहून ठेवायला खिशात हात घातला, मोबाइल घरी चार्जिंगला. तसंच चालत राहिले. वाक्य विसरले. आणि विसरल्याचं वाईट वाटलं नाही, हे मला घरी पोचल्यावर जाणवलं.

एक सांगून ठेवते. माझं हे थकणं होतं, झोपेने आणि मोकळ्या हवेने उतरलं. तुमच्यापैकी कुणाला महिनोन्‌महिने कशातच रस वाटत नसेल, झोपही लागत नसेल, तर गावी जाण्याआधी डॉक्टरांकडे जा, त्यात भक्तीला कमीपणा नाही. औषधही युक्त आहारातच धरा.

अभ्यासासाठी आज एवढंच करा. श्लोक १६ मध्ये चार माणसं आहेत: फार खाणारा, न खाणारा, फार झोपणारा, सतत जागणारा. त्यातला तुम्ही कोण, ते वहीत लिहा. मी चौथी. मग श्लोक १७ वाचून 'विहार' या शब्दापुढे तुमच्या आयुष्यातलं काय येतं ते लिहा. माझी ती ओळ तेवीस दिवसांपूर्वी कोरी राहिली असती.

परत आल्यावर मी एक बदल केला आहे. आठवड्यातून एक दिवस इथे चिंतन येणार नाही. तो उद्या. मामीने तुरीच्या शेंगा भरून पिशवी दिली आहे, त्या सोलायच्या आहेत.

रामकृष्ण हरी.