तात्कालिक कारण आणि मूळ कारण : सबवूफरच्या दुरुस्तीचा एक पाठ

इतिहासाच्या तासाला आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे एक भेद शिकवत आलो आहोत : तात्कालिक कारण वेगळे आणि मूलभूत कारण वेगळे. काडतुसांचे प्रकरण हे १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण. त्यामागील असंतोष मात्र कितीतरी आधीपासून साचत आलेला होता. हा भेद केवळ परीक्षेपुरता नसतो, याची प्रचीती मला घरातील एका सबवूफरने आणून दिली. ज्यांच्या घरी ही पेटी आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना हा पाठ उपयोगी पडेल, या हेतूने तो येथे मांडत आहे.

सबवूफर म्हणजे खालच्या पट्टीचे, साधारणतः २० ते १५० हर्ट्झचे ध्वनी उमटवणारी पेटी. पुष्कळशा घरगुती सबवूफरमध्ये स्पीकरसोबत त्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायरही पाठीमागच्या पत्र्यावर बसवलेला असतो. आमच्या पेटीतून एके दिवशी ‘घूं’ असा सलग आवाज येऊ लागला. जवळच्या कारागिराने ती उघडली, फुगलेला एक कपॅसिटर बदलला आणि आवाज थांबला. सात-आठ महिन्यांनी मात्र तोच आवाज पुन्हा सुरू झाला.

तेव्हा मी ती पेटी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडे नेली. तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने पत्रा उघडून क्षणभर पाहिले आणि हसून म्हणाला, “सर, फुगलेला कपॅसिटर हे तात्कालिक कारण. मूळ कारण त्याच्या शेजारी बसले आहे.” शेजारी एक रेझिस्टन्स होता आणि त्याच्याखालची सर्किटची पाटी भाजून काळपट झाली होती.

त्याचे स्पष्टीकरण असे. त्या पेटीतील मुख्य पुरवठा अधिक-उणे ४५ व्होल्टचा आहे. पण ध्वनीची छाननी करणाऱ्या लहान आयसींना अधिक-उणे १५ व्होल्टच लागतात. मधले ३० व्होल्ट ६८० ओहमच्या रेझिस्टन्सवर उतरवलेले असतात. ३० चा वर्ग भागिले ६८०, म्हणजे सुमारे १.३ वॉट उष्णता तेथे अखंड निर्माण होते. रेझिस्टन्स २ वॉटचा असल्याने कागदावर हिशेब बरोबर दिसतो. परंतु बंद पेटीत वारा खेळत नाही. रेझिस्टन्स अतिशय तापतो आणि त्याला चिकटून असलेला, ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच टिकणारा कपॅसिटर हळूहळू आतून सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. सुकलेला कपॅसिटर पुरवठ्यातील चढउतार शोषून घेऊ शकत नाही आणि ते चढउतार आवाजात ऐकू येतात. नवा कपॅसिटर त्याच आचेशेजारी बसवला, तर त्याचेही तेच होणार.

अशा बिघाडाचा तपास पुढील क्रमाने करावा.

पहिली पायरी ऐकण्याची. सिग्नलची तार काढून टाकावी. आवाज थांबला, तर दोष बहुधा पेटीबाहेर आहे : तार खराब असेल, किंवा टीव्हीला आलेल्या केबलमार्फत अर्थिंगचे दुहेरी वर्तुळ तयार झाले असेल. असा आवाज घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. हे कदापि करू नये; ती पिन माणसाच्या जिवासाठी असते. तार काढूनही आवाज कायम राहिला, तर दोष पेटीत आहे.

दुसरी पायरी सुरक्षिततेची. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. मल्टिमीटरने तो मोजावा आणि १००० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून उतरवावा. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला यासाठी जवळपास एक मिनिट लागते. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून भार उतरवू नये. पेटीत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस असेल, तर तेथील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. अशी पेटी जाणकाराकडेच द्यावी.

तिसरी पायरी पाहण्याची. फुगलेले कपॅसिटर, भाजलेली पाटी आणि तडकलेले डाग शोधावेत. मोठे भाग चिकटवण्यासाठी वापरलेला पिवळसर गोंद उष्णतेने तपकिरी झाला असेल, तर तो खरवडून काढावा. असा गोंद वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारा गंजवतो.

त्यानंतर दुरुस्ती आणि बदल. नव्या कपॅसिटरची मायक्रोफॅरड क्षमता तीच, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे अधिक, मात्र तो १०५ अंशांचा घ्यावा. अधिक-उणे टोके उलटी होऊ देऊ नयेत. रेझिस्टन्सही ६८० ओहमचाच, पण ५ वॉटचा घेऊन पाटीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंच बसवावा. उष्णता पूर्वीइतकीच निर्माण होते. मात्र मोठ्या पृष्ठभागावरून ती हवेत पसरते आणि शेजाऱ्याला भाजत नाही. जागा असेल तर कपॅसिटरही थोडा दूर न्यावा. मूळ कारणावरचा उपाय एवढाच, आणि त्याचा खर्च किरकोळ.

शेवटी चाचणी. पेटी थेट न लावता सिरीज बोर्डावर, १०० वॉटचा तारेचा बल्ब जोडून लावावी. एलईडी दिवा येथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग लगेच काढावा. स्पीकर जोडण्यापूर्वी ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवरचे डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही दहा मिलिव्होल्टांच्या आत असावे. तेथे काही व्होल्ट दिसले, तर स्पीकरची कॉइल जळण्याचा धोका असतो. फ्यूज उडत असेल, तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालू नये. तसे करणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करणे होय.

आमची पेटी त्यानंतर पुन्हा गुणगुणलेली नाही. काम आटोपल्यावर त्या विद्यार्थ्याने पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, बदललेले भाग आणि मोजलेली व्होल्टेज लिहिली होती. मी विचारले, “हे कोणासाठी?” तो म्हणाला, “पुढे जो कोणी ही पेटी उघडेल त्याच्यासाठी, सर. आधी काय झाले हे त्याला कळायला हवे.”

इतिहास कशासाठी शिकायचा, असे मुले आजही विचारतात. मी आता त्यांना त्या कागदाविषयी सांगतो.