शिक्षकाची बडतर्फी आणि उच्च न्यायालयाचे दार

जयपूर शहराच्या उत्तरेस, सीकर मार्गालगत, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. अशा वसाहतीतील कारखान्यातून एखाद्या कामगारास आणि शेजारच्या खाजगी शाळेतून एखाद्या शिक्षिकेस एकाच दिवशी काढून टाकण्यात आले, अशी कल्पना करा. दोघांचीही उपजीविका सारखीच बुडाली. परंतु दाद मागण्याचे त्यांचे मार्ग सारखे नाहीत. कामगारास औद्योगिक विवादांच्या कायद्याचा आधार असतो. शिक्षिकेने कोठे जावे?

हा प्रश्न गोव्यातील एका खटल्यात उपस्थित झाला होता. पणजीजवळील करंझाळे येथील शाळेतल्या एका शिक्षिकेची नोकरी 1975 मध्ये संपुष्टात आणण्यात आली. हा औद्योगिक विवाद समजून तो न्यायनिर्णयासाठी सोपवावा, ही तिची मागणी शासनाने नाकारली. या नकाराविरुद्ध ती उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. शिक्षणसंस्था ही ‘उद्योग’ या संज्ञेत मोडते, असे 1978 मध्येच ठरले होते. तरीही शिक्षक हा 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये दिला. नोकरी जाऊन तोवर तेरा वर्षे लोटली होती.

मग संविधानाचा आधार थेट घेता येणार नाही काय? अनुच्छेद 32 अन्वये नागरिकास सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येते. डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये संविधान सभेत या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. परंतु हे दार केवळ मूलभूत हक्कांसाठी आहे, आणि ते हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध बजावता येतात. अनुच्छेद 226 अन्वये उच्च न्यायालयास असलेला अधिकार याहून व्यापक आहे; इतर कायदेशीर हक्कांसाठीही तेथे रिट अर्ज करता येतो.

शाळा शासकीय असेल, तर हा मार्ग तुलनेने सरळ असतो. खाजगी शाळेच्या बाबतीत अडचण उभी राहते. सार्वजनिक कर्तव्य पार पाडणाऱ्या खाजगी संस्थेलाही उच्च न्यायालय आदेश देऊ शकते, असे अहमदाबादच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र 2022 मध्ये त्याच न्यायालयाने मर्यादाही स्पष्ट केली: मुलांना शिकविणे हे सार्वजनिक कार्य असले, तरी विनाअनुदानित शाळा व तिचा कर्मचारी यांच्यातील निव्वळ कराराचा तंटा रिट अर्जाने सोडविता येत नाही, सेवाशर्तींमागे कायद्याची तरतूद असावी लागते.

म्हणून प्रथम पाहावयाचे ते राज्याच्या कायद्याकडे. राजस्थानच्या 1989 च्या अशासकीय शिक्षणसंस्थाविषयक कायद्यानुसार, मान्यताप्राप्त संस्थेतील कर्मचाऱ्यास बडतर्फ करण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि सर्वसाधारणपणे शिक्षण संचालकांची पूर्वसंमतीही घ्यावी लागते. शिस्तभंगाची चौकशी झाली असली, तरी या संमतीवाचून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरविले. दाद न्यायाधिकरणाकडे मागावयाची असते. महाराष्ट्रात 1977 च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाची अशीच सोय केली आहे. तेथे बडतर्फीविरुद्धचे अपील 30 दिवसांत दाखल करावे लागते.

असे जवळचे दार उपलब्ध असताना उच्च न्यायालय सामान्यतः अर्जदारास तिकडेच पाठविते. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली किंवा अधिकारक्षेत्राचा अभाव दिसल्यास ते अपवाद करू शकते. पण अपवादाच्या भरवशावर मुदत दवडणे धोक्याचे असते.

तात्पर्य, बडतर्फीचा आदेश हाती पडताच शिक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात: शाळा कोणाची आहे, सेवाशर्ती कोणत्या कायद्याने ठरतात आणि अपिलाची मुदत केव्हा संपते. न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतरही उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. चुकलेली मुदत मात्र सहजासहजी परत मिळत नाही.